हॅम स्टेशनमधला गोंगाट: शोधायचा कसा, रोखायचा कसा

हॅम म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारा. त्याने संध्याकाळी सातच्या सुमारास शहरातल्या फ्लॅटमध्ये ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्झचा) बँड लावला, तर बहुतेक ठिकाणी सिग्नलची ताकद दाखवणारा एस मीटर आधीच एस ७-एस ८ वर जाऊन बसलेला असतो. शेजारच्या जिल्ह्यातलं तगडं स्टेशन ऐकू येतं, पण केरळातून घरी बांधलेल्या रेडिओवर १० वॅटने बोलणारा होमब्रूवाला त्या घरघरीत बुडून जातो. अशा वेळी बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे ऑनलाइन डझनभर क्लिप-ऑन फेराइट (वायरवर बसणारे, गोंगाट अडवणारे चुंबकीय तुकडे) मागवतात, दिसेल त्या वायरला लावतात, आणि फरक पडला नाही की ‘शहरात एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) होत नाही’ म्हणून मोकळे होतात. माझं मत उलट आहे. या कामात पैसा कमी आणि शोध जास्त लागतो. गोंगाट कोणत्या वायरवरून कुठे जातो हे कळलं की उपाय बहुतेक वेळा शंभर-दोनशे रुपयांत होतो. ते कळल्याशिवाय हजारो रुपये घातले तरी एस मीटर हलत नाही.

हॅमच्या तक्रारी दोन प्रकारच्या. एक, बाहेरची खरखर आपल्या रिसीव्हरमध्ये येते. दोन, आपण पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबला की आपलाच आरएफ (रेडिओ लहरींचा करंट) शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, फिरतो: माऊस गोठतो, यूएसबी तुटतं, आवाज फाटतो. या दोन्हीमागे बहुधा एकच गुन्हेगार असतो, कॉमन-मोड करंट. कोॲक्सच्या, म्हणजे अँटेनाकडे जाणाऱ्या शील्डवाल्या केबलच्या, आतला करंट मधल्या तारेवरून जातो आणि शील्डच्या आतल्या बाजूने परत येतो. दोन्ही सारखे आणि उलटे, म्हणून बाहेर काही पसरत नाही. पण शील्डच्या बाहेरच्या पृष्ठभागावर किंवा चार्जरच्या दोन्ही तारांवर एकाच दिशेने करंट वाहू लागला, की ती केबल सरळ अँटेना होते. ती पाठवतेही आणि पकडतेही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी मोजा

रिगचा (रेडिओ संचाचा) प्रीॲम्प बंद करा, एसएसबी (आवाजाच्या मोडचा) फिल्टर नेहमीच्या २.४-२.५ किलोहर्ट्झवर ठेवा आणि रिकामी जागा बघून एस मीटरचा आकडा वहीत लिहा. ८०, ४०, २०, १५, १० मीटर, प्रत्येक बँडवर. सकाळी, दुपारी आणि रात्री असं तीनदा करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढे कोणत्या उपायाने काय झालं हे सांगता येणार नाही. मन ‘बरं वाटतंय’ म्हणतं, मीटर म्हणत नाही.

अपेक्षा काय ठेवावी? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची (आयटीयू) पी.३७२ ही शिफारस मानवनिर्मित गोंगाटाचे आकडे देते. तिच्या निवासी भागाच्या आकड्यावरून हिशेब केला, तर ७ मेगाहर्ट्झला अडीच किलोहर्ट्झच्या बँडविड्थमध्ये साधारण उणे ९१ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल) येतात. एचएफवर एस ९ म्हणजे उणे ७३ डीबीएम आणि एका एस-युनिटला ६ डेसिबल, म्हणजे हे झालं एस ६. ग्रामीण भागासाठी एस ५ च्या आसपास. ते आकडे एलईडी आणि स्वस्त चार्जर घरोघरी येण्याआधीच्या मोजमापांवर आधारलेले आहेत. तेव्हा शहरात ४० मीटरला एस ५-एस ६ येत असेल, तर घरात फार खोदकाम करू नका. एस ८-एस ९ येत असेल तर कुठलं तरी नेमकं यंत्र कारणीभूत आहे आणि ते सापडतं. बऱ्याच रिगचे मीटर एस ९ च्या खाली ६ डेसिबलची शिस्त पाळत नाहीत, हे मात्र लक्षात असू द्या. म्हणून आपल्याच आकड्याची आपल्याच जुन्या आकड्याशी तुलना करा.

मे-जूनमध्ये मोजत असाल तर वळवाच्या विजा वेगळ्या काढा. त्यांचा आवाज कडाड, कडाड असा तुटक येतो, ८० आणि ४० वर जास्त असतो आणि तो घालवण्याचा उपाय नाही. हॅमच्या भाषेत तो क्यूआरएन, म्हणजे निसर्गाचा गोंगाट. आपण ज्याच्या मागे आहोत तो आवाज सलग असतो, किंवा ठरावीक ठेक्यात येतो.

आता अँटेनाची पिन काढा. सुई तळाला गेली तर गोंगाट अँटेना-केबलच्या वाटेने येतोय. तशीच राहिली तर तो वीजपुरवठ्याच्या तारेतून किंवा रिगला जोडलेल्या यूएसबी-ऑडिओ केबलमधून येतोय. बहुतेक ठिकाणी पहिलंच निघतं, पण त्यावरून ‘अँटेना पकडतेय’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. गच्चीवर जाऊन फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावा, कोॲक्स आहे तशीच राहू द्या आणि खाली येऊन ऐका. अँटेना नाही, तरी खरखर येतेय? मग ती कोॲक्सच्या शील्डवरून चढतेय. जिन्यातून, इलेक्ट्रिक डक्टच्या शेजारून, लिफ्टच्या खोलीवरून ओढलेल्या केबलचं हे अगदी नेहमीचं दुखणं. त्यावर नवी अँटेना घेऊन काही होत नाही, चोक (कॉमन-मोड करंट अडवणारे फेराइटवरचे वेढे) लावून होतं.

घर अंधारात टाका

रिग बॅटरीवर चालवा. यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ एएचची एसएमएफ बॅटरी नुसत्या ऐकण्यासाठी पुरते. बहुतेक १०० वॅटचे रिग रिसीव्हवर एक-दोन अँपिअरच घेतात. मग घराचा मेन स्विच पाडा.

इथे आपल्याकडची एक खास गोम आहे. मेन पाडला की इन्व्हर्टर जागा होतो आणि घरातला निम्मा गोंगाट तसाच चालू राहतो, उलट इन्व्हर्टरचा स्वतःचा वाढतो. म्हणून इन्व्हर्टर आधी बंद करा, फक्त पुढचं बटण नव्हे, त्याच्या आउटपुटचा एमसीबीही. राउटरला मिनी यूपीएस असेल तर त्याची पिन काढा. लाइट गेल्यावर आपोआप लागणारे बॅटरीवाले बल्ब होल्डरमधून काढून ठेवा. लॅपटॉप पूर्ण बंद करा. हे सगळं झाल्यावर जो आकडा उरतो तो बाहेरचा गोंगाट. पहिल्या आणि या आकड्यातला फरक हीच तुमच्या हातातली कमाई.

आता उलट चाला. एकेक एमसीबी चढवा, प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद थांबा, सुई बघा. थांबणं गरजेचं आहे, कारण काही एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचे वीजपुरवठे) सुरू होताच नाही, लोड आल्यावर किंवा गरम झाल्यावर बोंबलतात. ज्या एमसीबीवर सुई उडी मारेल त्या खोलीत जा आणि एकेक पिन काढत जा. भिंतीवरचं बटण बंद करून भागवू नका. ते फक्त फेज तोडतं, न्यूट्रल आणि यंत्राची केबल घराच्या वायरिंगला चिकटूनच राहते आणि शेजारच्या पॉइंटवरचा गोंगाट तीच पसरवत राहते.

संशयितांची यादी घरोघरी जवळजवळ सारखीच निघते: एलईडी बल्ब आणि पट्ट्या, मोबाइलचे बिनकंपनीचे चार्जर, फायबरच्या डब्याचा ॲडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स, वॉटर प्युरिफायरचा पुरवठा, बीएलडीसी पंखा, पंख्याचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. यात एकाहून जास्त दोषी असतात. सगळ्यात मोठा गप्प केल्याशिवाय दुसरा ऐकूच येत नाही, म्हणून एक सापडला की शोध संपला असं समजू नका.

आवाजावरून ओळख

वॉटरफॉल (बँडवरच्या सिग्नलचं सरकतं चित्र) असलेला रिग किंवा कॉम्प्युटरला लावायचा साधा आरटीएल-एसडीआर रिसीव्हर डोंगल असेल तर काम फार सोपं होतं. एसएमपीएसचा गोंगाट वॉटरफॉलवर दर काही दहा किलोहर्ट्झला एक असे फुगवटे दाखवतो आणि ते हळूहळू सरकतात. यंत्र तापलं की सरकणं थांबतं. पंख्याच्या रेग्युलेटरची किंवा विजेच्या खांबावरच्या ठिणगीची घरघर १०० हर्ट्झची असते, कारण ५० हर्ट्झच्या प्रत्येक चक्रात रेग्युलेटर दोनदा चालू होतो किंवा ठिणगी दोनदा उडते. ऑडिओ एखाद्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घेतला तर दर १० मिलिसेकंदांना एक झुबका स्पष्ट दिसतो. दर सेकंदाला टक, टक असं येत असेल आणि घर शेताजवळ असेल, तर तो कुंपणाचा झटका मशीन. तारेला गवत किंवा ओली फांदी लागली की तिथे ठिणगी उडते आणि ती दूरवर ऐकू जाते. १४.०३० मेगाहर्ट्झच्या आसपास थरथरणारी शिट्टी ऐकू आली तर लॅन केबल काढून बघा.

सूर्य वर आला की सुरू आणि मावळला की बंद, असा गोंगाट असेल तर छतावरचा सोलर. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या गच्चीवर पॅनल वाढले आणि ही तक्रारही वाढली. पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी तारा हीच तिथली अँटेना. प्लस एका बाजूने आणि मायनस दुसऱ्या बाजूने ओढला असेल तर मोठा लूपच तयार होतो. नवीन बसवत असाल तर दोन्ही तारा एकत्र, शक्य तर पिळून न्या, असं बसवणाऱ्याला आधीच सांगा. नंतर सांगितलं तर तो ऐकत नाही.

हुंगत जाणे

खोली कळली पण यंत्र कळत नाही, अशा वेळी जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर काढा. आकाशवाणीच्या दोन केंद्रांमधली रिकामी जागा लावा आणि भिंतीच्या कडेने फिरा. त्यातली फेराइट रॉड दिशा दाखवते: रेडिओ आडवा फिरवताना आवाज ज्या स्थितीत एकदम पडतो, तेव्हा रॉडचं टोक गोंगाटाकडे असतं. मात्र मीडियम वेव्हला ओरडणारं यंत्र ७ किंवा २१ मेगाहर्ट्झलाही ओरडेल असं नाही. खात्रीसाठी कोॲक्सच्या तुकड्याचा दहा-बारा सेंटिमीटर व्यासाचा लूप करा, इन्सुलेशन टेप गुंडाळा, आणि तो एसडीआरला किंवा टायनीएसए या छोट्या स्पेक्ट्रम ॲनालायझरला लावून ज्या बँडवर त्रास आहे त्याच बँडवर फिरा. यंत्रापेक्षा त्याच्या वायरजवळ सिग्नल जास्त मिळेल. तसा मिळालाच पाहिजे, कारण ओरडतं यंत्र, पण पसरवते वायर. लूप उघड्या २३० व्होल्टजवळ नेऊ नका आणि यंत्र खोलून आत घालू नका.

फेराइट: कोणती, किती वेढे, कुठे

दोषी सापडल्यावर पहिला विचार बदलण्याचा करा. पन्नास-शंभर रुपयांच्या बल्बवर चारशेची फेराइट लावणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. नवा बल्ब घ्यायला जाताना ट्रान्झिस्टर खिशात न्या, दुकानदाराला होल्डरवर लावायला सांगा आणि जवळ धरून ऐका. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. महागडा बल्ब शांत असतोच असं नाही, आणि आज शांत निघालेल्या मॉडेलमध्ये पुढच्या खेपेला आतलं सर्किट बदललेलं असू शकतं.

बदलणं शक्य नसेल तर फेराइट. इथे सगळ्यात मोठा गैरसमज क्लिप-ऑनचा. तिच्यातून वायर एकदाच गेली तर ७ मेगाहर्ट्झला ती जेमतेम शंभर ओहमच्या आसपास अडथळा देते. कॉमन-मोड वाटेचा स्वतःचा अडथळाच कित्येकदा त्याहून जास्त असतो, म्हणून फरक दिसत नाही. व्हीएचएफला (३० मेगाहर्ट्झच्या वर) तीच क्लिप चांगली चालते. एचएफला वेढे पाहिजेत. अडथळा ढोबळमानाने वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: दोन वेढ्यांना चौपट, चार वेढ्यांना सोळापट. भोकातून वायर जितक्या वेळा जाते तितके वेढे, बाहेरून मोजायचे नाहीत. वेढे फार झाले की त्यांच्यामधली कपॅसिटी आड येते आणि वरच्या बँडवर परिणाम घसरतो. १६० ते ४० साठी १२ ते १४ वेढे, २० ते १० मीटरसाठी त्याहून दोन-चार कमी, असा अंदाज मोठ्या टोरॉइडला (रिंगला) चालतो.

मिक्स, म्हणजे फेराइटच्या मालाचा प्रकार, महत्त्वाचा. एचएफसाठी ३१ नंबर सगळ्यात कामाचा, साधारण १ ते ३०० मेगाहर्ट्झ. ४३ नंबर २० मीटरच्या वर चांगला, ८०-४० ला कमी पडतो. ६१ हा व्हीएचएफ-यूएचएफचा. २.४ इंच व्यासाची एफटी-२४०-३१ ही रिंग या कामाचा मुख्य मोहरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘फेराइट रिंग’ मागितली तर काळी रिंग मिळेल, पण तिचा मिक्स दुकानदाराला माहीत नसतो. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून काढलेली पिवळी-पांढरी रिंग तर घेऊच नका. ती फेराइट नाही, आयर्न पावडर आहे. गोंगाट अडवायला तिचा काही उपयोग नाही, आणि होमब्रूच्या खोक्यात सगळ्यात जास्त तीच सापडते.

अनोळखी रिंग तपासायला नॅनोव्हीएनए हे छोटं मोजयंत्र आहे. रिंगवर वेढे घाला, ती वायर पोर्ट १ आणि पोर्ट २ च्या मधल्या तारांमध्ये मालिकेत जोडा, दोन्ही पोर्टच्या ग्राउंड एकमेकांना जोडा आणि एस२१ (पोर्ट १ मधून पोर्ट २ मध्ये किती पोहोचतं) बघा. जोडणीच्या तारा अगदी आखूड ठेवा. १००० ओहमचा चोक साधारण २१ डेसिबल अडवताना दिसेल, ५००० ओहमचा ३४ डेसिबल. चार्जरच्या वायरला १००० ओहमदेखील पुष्कळ. ट्रान्समिट अँटेनाच्या कोॲक्सला ५००० च्या आसपासचं ध्येय ठेवा.

वायर गुंडाळताना त्या केबलमधल्या सगळ्या तारा एकत्र जायला हव्यात. मेन्सच्या कॉर्डमध्ये फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही. एकट्या फेजला रिंग घातली तर ५० हर्ट्झच्या करंटने ती सॅच्युरेट होईल आणि काम करणार नाही. चोक गोंगाट करणाऱ्या यंत्राच्या जितका जवळ तितका चांगला, कारण यंत्र आणि चोक यांच्यामधला वायरचा तुकडा अँटेना म्हणून उरतोच. ॲडॅप्टरला दोन केबल असतात, २३० व्होल्टची आणि डीसीची. कित्येकदा डीसीचीच जास्त पसरवते. दोन्हीला चोक लावा, मग एक काढून बघा.

रिगचा वीजपुरवठा

१०० वॅटच्या रिगला १३.८ व्होल्टला २० अँपिअरच्या वर लागतात. आपल्याकडे दोन घराणी आहेत: एलईडी पट्ट्यांसाठीचा जाळीचा एसएमपीएस वापरणारे आणि एलएम७२३ वर २एन३०५५ ची रांग लावून जड ट्रान्सफॉर्मरचा लिनिअर बांधणारे. लिनिअर शांत असतो, पण निर्दोष नसतो. ट्रान्समिट करताना त्याच्यात आरएफ शिरला की ७२३ गोंधळतो आणि व्होल्टेज उसळतं. आउटपुटच्या टर्मिनलवरच, अगदी आखूड पायांनी, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरड लावा आणि ओव्हरव्होल्टेज क्रोबार (व्होल्टेज वाढलं की आउटपुट शॉर्ट करणारं सर्किट) असल्याशिवाय रिग जोडू नका. एएम स्टेशनवर किंवा कॅरिअरवर लावलं की ‘हं’ असा गुंजारव येतो आणि बाजूला सरकलं की जातो? मग रेक्टिफायरच्या प्रत्येक डायोडला समांतर ०.०१ मायक्रोफॅरडची डिस्क लावा, व्होल्टेज रेटिंग ऐसपैस घ्या.

जाळीच्या एसएमपीएसला धातूचा डबा, आत येताना तयार मेन्स फिल्टर आणि बाहेर पडताना दोन्ही डीसी तारांना एकत्र ८-१० वेढ्यांची रिंग, इतकं केलं की बराच सुधारतो. फिल्टरची धातूची बॉडी डब्याच्या धातूला थेट टेकली पाहिजे. मधला रंग खरवडून काढा. रंगावर बसवलेला फिल्टर जवळजवळ शोभेचा. आत स्वतः कपॅसिटर लावणार असाल, तर फेज-न्यूट्रलमध्ये एक्स२ वर्गाचा आणि अर्थकडे वाय२ वर्गाचाच लावा, साधा पॉलिएस्टर नाही. आणि हे काम प्लग काढून, मोठा कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री करूनच.

खूप फिल्टर लावले की घरातला आरसीसीबी पडू लागतो, कारण प्रत्येक वाय कपॅसिटर अर्थकडे थोडी गळती सोडतो आणि ३० मिलिअँपिअरची मर्यादा सगळ्यांच्या बेरजेला असते. त्यावर उपाय फिल्टर कमी करणं हा आहे, अर्थची पिन तोडणं नव्हे. ‘अर्थ काढला की हम जातो’ हा सल्ला अजून फिरतो. तो जिवाशी खेळ आहे.

आपलाच आरएफ शॅकमध्ये

आता दुसरी तक्रार. पहिली परीक्षा: त्याच पॉवरवर डमी लोडमध्ये ट्रान्समिट करा. त्रास गेला तर कारण अँटेनाकडून परत येणारा कॉमन-मोड. तसाच राहिला तर रिग, ट्यूनर किंवा जोडण्यांत सैल शील्ड शोधा, पीएल-२५९ प्लगचं सोल्डरिंग तपासा. कोॲक्सला हात लावला की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती परत येतं त्याचं माप) हलतो, किंवा मीटरभर केबल वाढवली की बदलतो, ही कॉमन-मोडची खूण. ५० वॅटलाही एवढं होतं.

४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही (मध्ये उंच आणि दोन्ही बाहू खाली उतरते अशी तारेची अँटेना) आपल्या गच्च्यांवर सगळ्यात जास्त. ७.१ मेगाहर्ट्झला एकूण लांबी २० मीटरच्या आसपास, म्हणजे एकेक बाहू १० मीटर. बहुतेक जण कोॲक्सची मधली तार एका बाहूला आणि शील्ड दुसऱ्याला थेट जोडतात. तेव्हा शील्डची बाहेरची बाजू तिसरा बाहू होते आणि तो बाहू सरळ तुमच्या टेबलावर येतो. फीडपॉइंटला १:१ चोक बलून (शील्डच्या बाहेरचा करंट अडवणारा चोक) हवाच. एफटी-२४०-३१ वर आरजी-४०० किंवा तत्सम पातळ टेफ्लॉन कोॲक्सचे १२ वेढे हा उत्तम चोक. पाइपवर कोॲक्स गुंडाळून केलेला फेराइटविना चोक स्वस्त आहे, पण तो एखाद्या बँडलाच चालतो आणि कधी केबलच्या लांबीशी जुळून उलट करंट वाढवतो. एंड-फेड हाफ वेव्हला (टोकाला केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाला) कुठे तरी काउंटरपॉइज (करंटच्या परतीची दुसरी तार) लागतोच, आणि दिला नाही तर ती कोॲक्सलाच वापरते. तिथे ट्रान्सफॉर्मरपासून दोन-तीन मीटरवर चोक लावा आणि मधला कोॲक्सचा तुकडा काउंटरपॉइज समजा. कोणतीही अँटेना असो, दुसरा चोक केबल घरात शिरते तिथे. चोकची रिंग गरम होत असेल तर वेढे कमी करू नका. अडथळा अपुरा पडतोय म्हणून ती तापते, दुसरी रिंग मालिकेत लावा.

करंट दिसावा यासाठी एक साधन घरी होतं. दोन भागांत उघडणारी क्लिप-ऑन फेराइट घ्या, तिच्या एका अर्ध्यावर पातळ इनॅमल वायरचे १० वेढे घाला. त्याच्या दोन टोकांत ५० ओहमचा रेझिस्टर. एका टोकाला जर्मेनियम किंवा शॉटकी डायोड, डायोडपुढून दुसऱ्या टोकाकडे ०.०१ मायक्रोफॅरड, आणि त्या कपॅसिटरवर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. क्लिप कोॲक्सभोवती बंद करा आणि २०-३० वॅट सोडा. केबलवर १०० मिलिअँपिअर कॉमन-मोड असेल तर रेझिस्टरवर सुमारे अर्धा व्होल्ट येतो, डायोड त्यातला थोडा खातो. आकडा अचूक नसतो, पण चोकच्या आधी आणि नंतर बघितला की खरं-खोटं कळतं. मग तीच क्लिप यूएसबी, मायक्रोफोन, पॉवर, कीबोर्ड अशी एकेक केबलवर नेत जा. सुई सगळ्यात जास्त ज्या केबलवर, पुढची फेराइट तिथे.

एफटी८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) वाल्यांचा त्रास यूएसबीवर जास्त. केबल एक मीटरच्या आतली, शील्डवाली घ्या, तिचे रिंगमधून पाच-सहा वेढे. जुना रिग साउंड कार्डला जोडत असाल तर मधे ६००:६०० ओहमचे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि पीटीटीसाठी पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर, म्हणजे दोघांच्या ग्राउंडमधून वाहणारा रस्ताच तुटतो. मायक्रोफोन अजूनही पकडत असेल तर सॉकेटच्या पिनवरच १०० ते १००० पिकोफॅरडचा सिरॅमिक चेसिसकडे लावा. इथे एक डिझाइनचा दोष फार ठिकाणी सापडतो: केबलचं शील्ड चेसिसला न जोडता सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेलं असतं, म्हणून शील्डवरचा करंट बोर्डभर फिरतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ यंत्रांतल्या याच दोषावर बोट ठेवलं आणि त्याला ‘पिन १ प्रॉब्लेम’ म्हणतात. होमब्रू रिगमध्ये सॉकेटचं शील्ड डब्याला थेट जोडलं की अर्धी लढाई तिथेच संपते.

ग्राउंडबद्दल थोडं. तिसऱ्या मजल्यावरून जमिनीपर्यंत ओढलेली तार साधारण १० मीटर असते, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी. ती आरएफसाठी ग्राउंड नाही, अँटेना आहे. तिच्यावर खर्च करण्यापेक्षा टेबलावरचे रिग, ट्यूनर, पॉवर सप्लाय, कॉम्प्युटरची कॅबिनेट हे रुंद ब्रेडने (विणलेल्या तारेच्या पट्टीने), आखूड अंतरात, एकमेकांना जोडा आणि सगळ्यांना एकाच पॉवर स्ट्रिपवरून वीज द्या. विजेच्या सुरक्षेचा अर्थ आणि अँटेनाचा लाइटनिंग अर्थ हे वेगळे प्रश्न. ते नीटच पाहिजेत आणि आपसात जोडलेलेही पाहिजेत, पण त्यांनी माऊस गोठायचा थांबणार नाही.

घराबाहेरचा गोंगाट

घर अंधारात टाकूनही सुई वर असेल तर बाहेर पडा. खांबावरची ठिणगी एचएफला एक-दीड किलोमीटरवरूनही ऐकू येते, म्हणून एचएफवर खांब शोधता येत नाही. ऐकत वर जा: आधी २१ किंवा २८, मग १४४ मेगाहर्ट्झ, एएम मोडमध्ये, हातात तीन एलिमेंटची छोटी यागी (दिशा दाखवणारी अँटेना). फ्रिक्वेन्सी जितकी वर तितकं गोंगाटाचं क्षेत्र लहान, आणि १४४ ला जो खांब सगळ्यात जोरात तोच बहुधा दोषी. हवामानही बोलतं. सैल क्लँपची ठिणगी कोरड्या दिवसांत वाढते आणि पहिल्या पावसात थांबते. कोकणात उलट: इन्सुलेटरवर समुद्राचं मीठ साचतं आणि पहाटेच्या दवात गोंगाट चढतो. खांबाला हात लावू नका, हातोडा मारू नका, ताणाची तार हलवू नका. खांबाचा नंबर, वेळ आणि आवाजाचं रेकॉर्डिंग घेऊन महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या. ‘रेडिओला त्रास होतो’ यापेक्षा ‘या खांबावर ठिणगी उडतेय’ ही भाषा लाइनमनला लवकर कळते, आणि ती खरीही आहे.

शेजाऱ्याकडचं यंत्र असेल तर यंत्राचं नाव सांगत जाऊ नका. एक ट्रान्झिस्टर आणि एक शांत ॲडॅप्टर घेऊन जा आणि ‘हा लावून बघूया का काका’ म्हणा. तुमच्या ट्रान्समिशनने त्यांचा स्पीकर बोलत असेल तर आधी आपल्याकडचा चोक आणि लो-पास फिल्टर तपासा, मग त्यांच्या स्पीकरच्या वायरला ३१ ची रिंग लावून द्या, पैसे घेऊ नका. सोसायटीत अँटेनाची परवानगी टिकते ती याच्यावर.

उरलेल्या गोंगाटात ऐकणं

एवढं करूनही लिफ्टचा ड्राइव्ह किंवा समोरच्या बिल्डिंगचा सोलर उरतोच. रिगचा नॉइज ब्लँकर टक-टक प्रकारावर चांगला, एसएमपीएसच्या सलग घरघरीवर निरुपयोगी, शिवाय तगडं स्टेशन शेजारी असेल तर आवाज फाटतो. त्यापेक्षा आरएफ गेन कमी करणं आणि प्रीॲम्प ४० मीटरपेक्षा खालच्या फ्रिक्वेन्सीच्या बँडवर (८०, १६०) कधीच न लावणं याने कानाला जास्त आराम मिळतो.

जवळचा गोंगाट उभ्या अँटेनाला आडव्यापेक्षा जास्त पकडला जातो, म्हणून ऐकण्यासाठी वेगळी अँटेना हा शेवटचा आणि बराच ताकदीचा उपाय. मीटरभर व्यासाचा मॅग्नेटिक लूप उभा धरून फिरवला की त्याच्या प्रतलाशी काटकोनात असलेल्या दिशेचा गोंगाट खोल पडतो. त्या शून्यात नेमका दोषी बसवायचा. एका दिशेचा एकच दोषी असेल तर एस ८ चा एस ५ झालेला बघायला मिळतो, चार दिशांना चार असतील तर नाही. लूप घरापासून जितका लांब नेता येईल तितका न्या, गच्चीचा पलीकडचा कोपरादेखील चालतो, आणि त्याच्या केबललाही चोक लावा, नाहीतर लूप शांत आणि केबल ओरडतेय असं होतं. रिगला वेगळं रिसीव्ह सॉकेट नसेल तर मधे असा रिले बसवा, की ट्रान्समिट करताना लूपचा प्रीॲम्प तुटेल आणि इनपुट शॉर्ट होईल. १०० वॅटची मोठी अँटेना दहा मीटरवर असताना तो प्रीॲम्प उघडा राहिला तर पहिल्याच सीक्यूला (सर्वांना घातलेल्या हाकेला) जळतो.